थंड आणि कोरडी जागा

"याले ऊन चालते का?"

प्रिंटरच्या दुकानात मामाजींनी विचारलेला पहिला प्रश्न हा होता. दुकानदार चांडक गल्ल्यावर बसून कानात काडी फिरवत होते. काडी तिथंच थांबली.

"प्रिंटर उन्हात ठेवता काय, काका?"

"मी नाही ठेवत. पण मे महिन्यात आमच्या घरी ऊन न विचारता येऊन बसते."

मामाजी म्हणजे माझे सासरे, यादवराव निखाडे. आमच्या वरोऱ्याकडे सून सासऱ्याला मामाजीच म्हणते. तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. फेरफार, वारस, निराधारचा पगार, हरवलेली शिधापत्रिका, जे म्हणाल ते. अर्ज झाला की तो त्या माणसाला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे, मग अंगठा किंवा सही, मग कागद त्याच्या हातात. उद्या या, असं त्यांनी कोणाला म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

मी पतसंस्थेत हिशेब बघायची. या नोकरीनं एक खोड लावली. माणूस समोर आला की त्याच्या जमेला काय आणि नावे काय, हे मनात आपोआप मांडलं जातं. माझे यजमान हेमराज यांच्या जमेला काळजी भरपूर होती आणि नावे तीच काळजी मोठ्यानं बोलून दाखवणं. मामाजींच्या नावे फक्त हट्ट होता. एकच नोंद, पण तिनं ताळेबंद कधी जुळू दिला नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्येच ते कडुनिंबाखाली कोसळले. अर्ज टाइप करता करता बोटं थांबली, आणि डोकं टाइपरायटरवर टेकलं. दवाखान्यात बर्फाच्या पट्ट्या, सलाईन, सगळं झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "काका, यावेळी वाचलात. शरीर एकदा असं तापलं की पुढच्या वेळी लवकर हार मानतं. पुन्हा गर्मीत बसलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"तुमच्या हातात काही राहू देत नाही मी," मामाजी म्हणाले. आम्ही तो होकार समजलो.

घरी ऑफिस काढायची कल्पना हेमराजची. समोरची खोली बाबांना द्यायची, कूलर तिथंच खिडकीत आहे, टेबल टाकायचं, आमचा कॉम्प्युटर त्यावर ठेवायचा. टाइपिंगची अडचणच नव्हती. मराठी टाइपरायटरवर जी अक्षरं जिथं, तीच कॉम्प्युटरवर बसवून देता येत होती. मामाजींनी पहिल्याच दिवशी न बघता अर्धं पान लिहून काढलं आणि विचारलं, "आता हे बाहेर कसं काढू?"

म्हणून आम्ही चांडकांकडे आलो होतो.

चांडकांनी दोन मशीनं पुढं ठेवली. "हा शाईचा, हा पावडरीचा. शाईवाल्याचं गर्मीत तोंड सुकते, काका. चार दिवस चालवला नाही तर बोलतच नाही."

"म्हणजे आमच्या कुंदाच्या उलटा," मामाजी म्हणाले. कुंदाताई माझी नणंद, वर्ध्याला असते. "अन् पावडरीचा?"

"तो सुकत नाही. पण तो स्वतःच गरम राहते. कागद शेकून काढते. त्याला खोली थंड पाहिजे."

"थंड आहे," हेमराज लगेच म्हणाले. "कूलर आहे ना. बाबा कूलरसमोरच बसणार."

"कूलरसमोर नको, भाऊ." चांडकांनी काडी बाजूला ठेवली, म्हणजे आता ते गंभीर झाले होते. "कूलरची हवा ओली असते. कागद ओल धरते. मग मशीन दोन-दोन कागद ओढते, वाकडे काढते, अडकते. याला थंड पाहिजे आणि कोरडी पाहिजे. जागा."

"आमच्या गावात थंड भेटते, कोरडंही भेटते," मामाजी म्हणाले. "दोन्ही एका जागी पाह्याचं असन तं डिसेंबरात या."

"एसी लावा."

"आमच्या गल्लीत मे महिन्यात पंख्याची पाती मोजता येतात, इतकं व्होल्टेज पडते," हेमराज म्हणाले. "एसी कुठून चालन?"

"मग टेबलफॅन मारा त्याच्यावर. गरम झालं की थोडं थांबते, पण मरत नाही. ओलीनं मात्र छळन."

मामाजींनी पिशवीतून स्वतःचा हिरवा कागद काढला, अर्जाचा, लांब. त्यावर काही छापून दाखवा म्हणाले. पावडरीच्या मशीननं तो गुरगुरत आत घेतला आणि बाहेर दिला. मामाजींनी दोन्ही हातांनी धरून आधी गालाला लावला.

"गरम आहे. पोळीसारखा," ते म्हणाले. "हा द्या."

घरी आल्यावर मशीनला कुंकू लागलं, नारळ फुटला. मग ठेवायचं कुठं, हा प्रश्न आला आणि कोणी विचारात पडलंच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात मानाचा माणूस आला की त्याला कूलरच्या तोंडाशी बसवतात. जावई येतात तेव्हा हेमराज स्वतः उठून ती जागा देतात. मशीन नवं होतं, महागाचं होतं, आणि मामाजींचा जीव त्यावर अवलंबून होता. ते जावयाच्या जागी गेलं. चांडक काय म्हणाले त्याची मी आठवण करून दिली.

"दुकानदार बोलतातच," हेमराज म्हणाले. "अगं, माणसाला जे मानवते ते मशीनला मानवणार नाही का?"

कुंदाताईचा फोन आला. "माझ्या नवऱ्याची जागा मशीनले दिली म्हणे, बाबा."

"मशीन निदान काम करते," मामाजी म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला. पुढची तक्रार मी ऐकली.

लोक मात्र आले. मला वाटलं होतं झाड सुटलं की गिऱ्हाईक सुटेल. पण खेड्यातला माणूस अर्जनवीस शोधत येतो, झाड नाही. सकाळच्या एसटीनं उतरायचे, विचारत विचारत आमच्या गल्लीत शिरायचे, ओसरीवर बसायचे. मामाजी आत कूलरसमोर टाइप करायचे. हेमराजचा चेहरा त्या दिवसांत असा होता की जणू ऊन त्यांनीच बंद केलं.

मशीन मात्र जावयाहून वाईट निघालं. कागद लाटेसारखे वळून बाहेर येत. कधी तीन एकदम ओढी आणि मधला आत चिमटून राही. अक्षरं एका बाजूला ठळक, दुसऱ्या बाजूला फिकट. तहसीलच्या बाबूनं एक अर्ज परत पाठवला, 'नीट छापून आणा' म्हणून. तो माणूस माघारी आला तेव्हा मामाजींनी त्याची माफी मागितली. मी त्यांना कोणाची माफी मागताना पहिल्यांदा ऐकलं.

मग प्रयोग सुरू झाले. मशीन स्वयंपाकघरात नेलं. वर टिनाचे पत्रे, खाली गॅस, ते दोन अर्ज काढून लाल दिवा लावून बसलं. कागद तांदळाच्या डब्यात ठेवायची युक्ती मी काढली. तांदळातून काढलेला पहिला कागद सरळ निघे, पण टेबलावर येऊन वाट बघणारा पुढचा कागद तेवढ्यात वळे. कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवला. त्यातून भट्टीचा वारा आला.

"सकाळी छापून ठेवा," हेमराज म्हणाले.

"अर्ज सकाळी लोकांच्या पोटात असते. ते दहाले येतात, बोलतात, मंग कागदावर येते."

"मग संध्याकाळी जोत्स्ना छापून देईल." हेमराजनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"चारच्या गाडीनं जातात ते. संध्याकाळी कागद काढून कोणाले देऊ, भिंतीले?"

"उद्या या म्हणा."

"मजुरीचा एक रोज पाडून येते माणूस. दोन पाडाले मी सांगू, का तू सांगशील?"

आणि मग एका आठवड्यात सगळं अचानक सुरळीत झालं. मी पतसंस्थेतून घरी यायची तेव्हा समोरच्या खोलीत कूलर घुमत असायचा, मामाजी धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसलेले, आणि टेबलावर दिवसभरातल्या अर्जांच्या प्रती. सरळ, काळ्याभोर, कडक.

"यंत्र रुळलं घरात," हेमराज म्हणाले. "नवीन सुनेला वेळ लागतोच."

"मला किती लागला होता?" मी विचारलं.

"तू अजून अडकतेस," मामाजी म्हणाले आणि हसले. त्यांचा चेहरा तेव्हा जरा उतरलेला वाटला होता. पण उन्हाळ्यात कोणाचा उतरत नाही?

एक गोष्ट मला खटकली होती. रोज सकाळी कूलरच्या टाकीत मी बादल्या ओतायची. आताशा टाकी सकाळी बरीच भरलेली दिसे. पाणी पूर्वीइतकं जात नव्हतं. वारा कमी गरम असेल, म्हणून हवा कमी पाणी पीत असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि वाचलेल्या बादल्या खुशाल जमेला धरल्या.

मग मॅनेजरसाहेबांच्या घरी लग्न निघालं आणि आम्हांला दुपारीच सोडलं. मी डोक्यावर ओढणी घेऊन घरी आले. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. ओसरीवर खांबाच्या सावलीत एक म्हातारी बसली होती, मांडीवर पिशवी. बयनाबाई तिचं नाव, माढेळीकडची.

"आत नको जाऊ, बाई," ती मला म्हणाली. "आत लय गरम हाय. बाबाजी कागद काढून राहिले."

मी दार ढकललं. आतली हवा तोंडावर आली ती बाहेरच्यापेक्षा जड. कूलर बंद होता. खिडकी बंद होती, ओल येऊ नये म्हणून फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. मामाजी नुसत्या बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा बांधून बसले होते. बनियन अंगाला चिकटला होता. आणि टेबलफॅन पूर्ण वेगानं फिरत होता. त्याचं तोंड मशीनकडे होतं.

"मामाजी, कूलर कधीपासून बंद आहे?"

"लाईट गेली होती."

टेबलफॅन फिरतच होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सगळं आयुष्य कचेरीच्या दारात गेलेला माणूस; खोटं उघडं पडलं की त्यावर वाद घालत नसे.

"कागद ओला होते, जोत्स्ना."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं त्या मशीनमधून निघतो?"

मी भिंतीकडे गेले आणि कूलरच्या बटणावर हात ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "हा एक निघू दे. बयनाबाईले चारची गाडी आहे."

माझा हात बटणावर होता. बोट दाबायचं तेवढं काम होतं. मशीन गुरगुरलं, थांबलं, विचार करत राहिलं, पुन्हा गुरगुरलं. कागद हळूहळू बाहेर आला, अगदी सरळ. मामाजींनी तो उचलला, बयनाबाईला दारात बोलावलं आणि वाचायला घेतला. 'विनंती अर्ज' पासून 'आपली नम्र' पर्यंत. तिचा नवरा कधी गेला, मुलगा कुठं असतो, पगार कधीपासून थांबला. वाचताना मध्येच दम घेत होते. बयनाबाईनं अंगठा उमटवला, कागद पिशवीत घातला, मला म्हणाली, "बाबाजीले पाणी दे, बाई." मग ती उन्हात निघाली.

मामाजींनी मान हलवली. मी बटण दाबलं.

संध्याकाळी हेमराज घरी आले आणि मी सगळं सांगितलं. ते बूट न काढता समोरच्या खोलीत गेले.

"मशीन उचलून चांडकांकडे वापस करतो. आत्ता."

"कर," मामाजी म्हणाले. "उद्यापासून झाडाखाली बसतो. टाइपरायटर आहे अजून. त्याले ओल चालते, ऊन चालते, सगळं चालते."

"म्हणजे तिथं मरायचं, नाही तर इथं."

"इथं डोक्यावर छत आहे. तूच म्हणाला होतास, घरी बसा, घरी बसा."

"काम बंद करा बाबा. कोणी सांगितलं तुम्हांला काम करायला? आम्ही दोघं कमावतो ना?"

मामाजींनी टेबलावरचे हिरवे कागद आपटून कडा जुळवल्या. हेमराज माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी म्हणावं म्हणून. मी दोन्ही बाजू मनात मांडून बघितल्या. झाडाखाली बसले तर ऊन. घरात बसले तर बंद खोली. कामच काढून घेतलं तर काय, ते एप्रिलमधल्या त्या अंथरुणावरच्या दिवसांत आम्ही बघितलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि जेवणाला नाही म्हणायचे. कुठल्याच बाजूला काही शिल्लक राहत नव्हती.

"कूलर चालू ठेवून काम करा, मामाजी," मी म्हणाले. "वाकडे निघाले तर वाकडे. बाबूला मी जाऊन सांगते."

"बरं," ते म्हणाले. "ठेवतो चालू."

इतक्या सहज म्हणाले की हेमराजना हायसं वाटलं आणि मला नाही.

दुसऱ्या दिवसापासून हेमराज दुपारी ऑफिसातून फोन करायला लागले. "बाबा, कूलर चालू आहे ना?"

"ऐक," मामाजी म्हणत आणि फोन कूलरकडे धरत. त्याची घरघर हेमराजना ऐकू येई. संध्याकाळी ते मला सांगत, "ऐकतात आता. बोलावं लागतं जरा कडक."

एक दिवस हेमराजचा फोन होऊन गेल्यावर थोड्या वेळानं मी पतसंस्थेतून लावला. पलीकडे अगदी शांत होतं. फक्त ती गुरगुर, थांबणं, पुन्हा गुरगुर.

"मामाजी, कूलरचा आवाज येत नाही."

"तुमच्या पतसंस्थेचा फोन खराब आहे."

"मी येऊ का घरी?"

"ये. पण मंग अर्ज तू लिहिशील का?" आणि जरा थांबून, "चौघं बसले आहेत, बाई. होऊ दे."

मी रिसीव्हर ठेवला. काउंटरवर मुदत ठेवीवाले उभे होते. त्या दिवशी मी अर्ध्या रजेचा कागद लिहून घरी गेले आणि कूलर लावून त्यांच्या शेजारी बसले; दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी रजा दिली नाही. हेमराजना मी सांगितलं. ते म्हणाले, "मग मी दोनदा फोन करतो." तेवढंच त्यांच्या हातात होतं, आणि माझ्या हातात तेवढंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तो दुसरा फोन वाजतच राहिला.

आम्ही पोचायच्या आधी ओसरीवरच्या लोकांनीच त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. तोच दवाखाना, त्याच बर्फाच्या पट्ट्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"उन्हात गेले होते का?"

"नाही," हेमराज म्हणाले. "घरातच होते. घरी कूलर आहे."

"चालू होता?"

हेमराजनी माझ्याकडे बघितलं. मग खाली. बाई पुन्हा आत गेल्या. दिवस मावळायच्या आत मामाजी गेले.

तेरवीच्या पत्रिका छापायच्या होत्या. लग्नसराई, गावातले तिन्ही छापखाने लग्नपत्रिकांनी भरलेले, कोणी घेईना. कुंदाताई म्हणाली, "घरी एवढं मशीन आहे, त्याच्यावर काढा. बाबांनाही आवडलं असतं." मजकूर तिनंच सांगितला, मी टाइप केला.

समोरची खोली माणसांनी भरलेली होती. काका, मावसभाऊ, वर्ध्याची मंडळी. जावई त्यांच्या जागी, कूलरच्या तोंडाशी. मशीन टेबलाच्या टोकाला सरकवलं होतं. हेमराजनी बटण दाबलं. पहिली पत्रिका वळून आली, जसा पापड भाजताना वळतो. दुसरी दोन कागद घेऊन अडकली. हेमराजनी ती हळूच ओढून काढली, उलगडली. मामाजींच्या नावाची एक बाजू ठळक होती, दुसरी फिकट.

त्यांनी तो कागद तळहातानं सपाट केला, तो पुन्हा वळला. मग उठले, माणसांच्या पायांतून वाट काढत भिंतीपाशी गेले आणि कूलर बंद केला.

कुंदाताईनं पदरानं मान पुसली. "दादा, कूलर कायले बंद केला?"

"कागद ओला होते," हेमराज म्हणाले.

त्यांनी खिडकी लावली, फटीत चिंधी सरकवली. कोपऱ्यातला टेबलफॅन आणून टेबलावर ठेवला. त्याचं तोंड आधी माणसांकडे होतं. त्यांनी ते मशीनकडे फिरवलं. जावई रुमाल काढून वारा घ्यायला लागले. कोणी उठलं नाही. आम्ही सगळे घाम गाळत बसून राहिलो, आणि पत्रिका एकामागून एक सरळ निघत राहिल्या.